तिकोनवाली कॅसेट

पुसदमध्ये पाण्याची मोटर जळाली की लोक ती देवराव मानकरांकडे आणतात, आणि जाताना डोक्यात भलतंच काहीतरी भरून घेऊन जातात. त्याला इलाज नाही. उमरखेड रस्त्यावरच्या त्यांच्या वायंडिंगच्या दुकानात पोट फाडलेल्या मोटरी ओळीनं पडलेल्या असतात, तांब्याच्या तारेची रिळं भिंतीला टांगलेली असतात, आणि या सगळ्या पसाऱ्याच्या मधोमध एक टेपरेकॉर्डर असतो. हरभऱ्याचं पाणी अडलं म्हणून घायकुतीला आलेला माणूस विचारतो, "देवरावभाऊ, कवा देता?" देवराव म्हणतात, "देतो न. पयले हा ड्रमवाला ऐक." माणूस बिचारा ऐकतो. मोटर त्यांच्या ताब्यात असते, ऐकल्याशिवाय जातो कुठं?

देवरावांची मतं पक्की होती आणि ती मागायला कोणी यावं अशी त्यांची अट नव्हती. लेड झेपलिन सगळ्यांच्या वर, कारण त्यांचा ड्रमवाला. "तो हानते तवा साडेसात हॉर्सपॉवरची मोटर लोड घेऊन राह्यली असं वाटते," असं ते म्हणत. तो मेल्यावर बाकीच्यांनी दुसरा आणून न बसवता बँडच बंद केला, हे सांगताना ते हातातला पाना खाली ठेवत. डीप पर्पल दुसरे, कारण त्यांच्यात गिटार आणि ऑर्गन यांचं सख्ख्या जावांसारखं भांडण लागतं आणि दोघींपैकी एकही माघार घेत नाही. दोन-दोन गिटारवाले ठेवणारे बँड त्यांना मुळीच खपत नसत. एकाला धड वाजवता येत नाही म्हणून दुसरा ठेवतात, असं त्यांचं म्हणणं. केस फुगवून, चट्ट्यापट्ट्याच्या तंग विजारी घालून नाचणाऱ्यांना ते 'वरातीतले' म्हणून निकालात काढत. आणि पिंक फ्लॉइड? पिंक फ्लॉइडला ते नंबरच देत नसत. "देवघरातल्या देवायले कोनी नंबर देते काय?" असं उलट विचारत.

इंग्रजी त्यांचं बेताचंच. शब्द निम्मेही कळत नसत, आणि त्याचं त्यांना काडीचं दुःख नव्हतं. मोटर काय म्हणते ते कळायला मोटरची भाषा शिकावी लागत नाही, एवढं बोलून ते मोकळे होत.

हे खूळ आलं नागपूरहून. आयटीआयला असताना अजनीच्या रेल्वे क्वार्टरात राहणाऱ्या एका दोस्ताच्या घरी त्यांनी हे संगीत पहिल्यांदा ऐकलं आणि माणूस कामातून गेला. विकतची कॅसेट परवडत नव्हती. सीताबर्डीच्या एका गल्लीत एक रेकॉर्डिंगवाला होता, गालात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. कोरी साठ मिनिटांची कॅसेट न्यायची, भिंतीवर लावलेल्या कव्हरांपैकी एकावर बोट ठेवायचं, आणि आठवड्यानं भरलेली कॅसेट घेऊन यायची. तो रेकॉर्डिंगवाला कॅसेटच्या कागदावर नाव लिहीत नसे, कव्हरवरचं चित्र बॉलपेननं काढून देई. त्यामुळे देवरावांकडच्या अल्बमांना अल्बमांची नावं कधी लागलीच नाहीत. गाय होती ती गायवाली, ती जरी काढताना शेळीसारखी झालेली असली तरी. आणि काळ्या कव्हरावर तिकोनातून रंग बाहेर पडत होते ती तिकोनवाली.

तिकोनवाली सगळ्यात लाडकी. पहिली बाजू छातीच्या ठोक्यांनी सुरू व्हायची. मग कोणीतरी धापा टाकत पळायचं, मग एकदम घरभर घड्याळं वाजायची, आणि शेवटी एक बाई गायची. शब्द नाहीत. नुसती हाक, मग आरोळी, मग हुंदके, मग दमून गप्प होणं. ती गप्प झाली की थोडी खरखर, आणि मग एक माऊथ ऑर्गन. एकटाच. साधी चाल, वर जाते, मध्येच अडखळते, हळूहळू खाली उतरते आणि बाजू संपते. यावर देवरावांनी एक सिद्धांत रचला होता. बाई रडून थकली, आता तिची समजूत घालायला शब्द कामाचे नाहीत, म्हणून बँडनं एका माणसाला नुसता बाजा देऊन तिच्याजवळ बसायला पाठवलं. "असा शेवट दुनियेतल्या कोनत्याच अल्बमाले नाही," असं ते शेकडो लोकांना सांगून चुकले होते.

हे ऐकायला दर रविवारी सकाळी त्यांच्या बैठकीत दरबार भरे. दरबारात नेमानं येणारे एकच, बबनराव, जिनिंगमधले निवृत्त मुकादम. बबनरावांना रॉकमधलं ओ का ठो कळत नसे, पण नलूबाईंचे पोहे चांगले होत. नलूबाई म्हणजे देवरावांच्या पत्नी, माहेरच्या दिग्रसच्या. त्या पोह्यांच्या प्लेटा ठेवून आत जात. देवराव कॅसेट लावण्याआधी एक बोट वर करून म्हणत, "आता कोनी बोलाचं नाही." मग कोणी बोलत नसे. लेक अपेक्षा लहान असताना तीही त्या बोटाखालीच वाढली आणि लग्न होऊन नांदेडला गेली.

त्या अपेक्षानंच बापाला मोबाईल घेऊन दिला आणि त्याच्यात हवी ती गाणी कशी शोधायची ते दाखवलं. देवरावांनी पहिल्यांदा अर्थातच तिकोनवाली लावली. ठोके आले, घड्याळं आली, बाई रडली, गप्प झाली. देवराव डोळे मिटून बाजाची वाट पाहत राहिले, तर खणखण चिल्लर वाजायला लागली. ती दुसऱ्या बाजूची सुरुवात. त्यांना वाटलं, मोबाईलवाल्यांनी काटछाट केली. पुन्हा लावलं, दुसरीकडे शोधलं, तिसरीकडे शोधलं. कुठंच बाजा नाही. मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला आणि तो काही सुखाचा नव्हता. अल्बम छोटा, कॅसेट मोठी. त्या खर्रावाल्याला उरलेली टेप कोरी द्यायला जिवावर येई, गिऱ्हाईक अर्ध्या ताटावरून उठल्यासारखं वाटे त्याला. त्यानं हातात आलेला एक बाजा भरून टाकला होता. कोणाचा, देव जाणे. त्याचा स्वतःचाही असेल. देवराव तांब्याची तार आणायला नागपूरला गेले तेव्हा त्या गल्लीत जाऊन आले. तिथं आता मोबाईलची कव्हरं लटकत होती.

ज्या शेवटावर आयुष्यभर व्याख्यानं झोडली तो शेवट त्या अल्बमचा नव्हताच! देवरावांनी हे कोणालाही सांगितलं नाही. एवढंच केलं, की रविवारी बाई गप्प झाली रे झाली की टेप खटकन बंद करायचे आणि दुसऱ्या विषयावर घसरायचे. बबनरावांच्या काही लक्षात आलं नाही. एकटे असले की मात्र देवराव ती बाजू शेवटापर्यंत चालू देत. चूक होती हे कळल्यावर तो बाजा त्यांना जरा जास्तच आवडायला लागला होता, आणि याची त्यांना लाज वाटे.

तरी मान शाबूत होता. पुसदात, आणि देवरावांच्या हिशेबानं पार उमरखेड ते दारव्हा या पट्ट्यात, रॉक ऐकणारा माणूस एकच. हा मान कोणी दिला नव्हता, पण दुसऱ्या कोणी मागितलाही नव्हता. आणि मग समोरच्या घरात अमरसिंग राठोड राहायला आले.

अमरसिंग जवळच्याच एका तांड्यावरचे, पण पुण्यात टेलिफोन खात्यात नोकरी काढलेले. निवृत्त होऊन बायको बिजलीबाईंसह परत आले ते दोन लोखंडी ट्रंका घेऊन. भांडीकुंडी असतील असं गल्लीला वाटलं. रविवारी देवरावांनी नेहमीप्रमाणे बोट वर केलं, "आता कोनी बोलाचं नाही" म्हणाले, आणि कॅसेट सुरू व्हायच्या आत गल्लीपलीकडून डीप पर्पलचा ऑर्गन दणाणला. असा दणाणला की बबनरावांच्या प्लेटमधला चमचा थरथरला.

"देवराव, हे तं तुमचंच होय!" बबनराव आनंदानं ओरडले.

"माहं नाही," देवराव म्हणाले आणि कॅसेट परत डबीत घातली.

ट्रंकांमध्ये रेकॉर्डी होत्या. ताटाएवढ्या, काळ्याभोर, एकेक कव्हर दोन हातांत धरून पाहावं असं. आणि अमरसिंग वाईट माणूस असते तरी बरं झालं असतं. ते त्याच संध्याकाळी आपणहून आले, देवरावांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "मानकर भाऊ, पुसदमध्ये असं कोणी भेटेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं हो! आता म्हातारपण चांगलं जाणार आपलं."

"ऐकतो थोडंफार," देवराव म्हणाले.

मग त्यांनी पाहुण्याची परीक्षा घेतली. अमरसिंगांना सगळं येत होतं. झेपलिनचा ड्रमवाला त्यांनाही मोठा वाटत होता, पण डीप पर्पलवाल्याचा हात जास्त नाजूक आहे असं त्यांचं मत पडलं. दोन गिटारांबद्दल ते म्हणाले, "एक बोलते, दुसरी हुंकार देते, त्यातही मजा आहे की." देवरावांच्या अंगाचा तिळपापड झाला, कारण हे त्यांना कधी सुचलं नव्हतं आणि ते खोटं आहे असंही म्हणता येईना. त्यावर कडी म्हणजे अमरसिंग नोकरीत असताना पुण्याहून रातोरात बसनं बंगलोरला जाऊन डीप पर्पलला प्रत्यक्ष ऐकून आलेले. "समोर, असे समोर," ते सहज म्हणाले. पाहुणा गेल्यावर देवराव आपल्या कॅसेटी पुन्हा मोजत बसले. ज्यांना देवरावांनी इथं बसून नंबर दिले त्यांना हा माणूस जाऊन ऐकून आला होता, आणि भाव खातही नव्हता!

पुढच्याच्या पुढच्या रविवारी बबनराव उशिरा आले. त्याच्या पुढच्या रविवारी आलेच नाहीत. देवरावांनी खिडकीतून पाहिलं, तर बबनराव समोरच्या पडवीत मांडीवर गाईचं भलंमोठं कव्हर घेऊन बसले होते. बाजारात भेटल्यावर म्हणाले, "अन् ते तं खरंच गाय होय हो, देवराव! आपली शेळी वाटे."

"रेकॉर्डीवर धूळ बसते," देवराव म्हणाले. "सुई घासते. चार वर्षांत चाळणी होते त्याची."

"असन बाप्पा. पन आवाज लय साफ येते."

बबनराव गेले तर गेले, पोहे तरी वाचले, असं देवरावांनी स्वतःला समजावलं. मनाला मात्र ते पटलं नाही. दुकानात मोटर खोलून बसले की त्यांना वाटे, आत्ता समोर काय लागलं असेल? घरी आले की आधी कान समोरच्या घराकडे जात. आवाज आला तर जळफळाट होई, नाही आला तर आपल्यामागे ऐकून घेतलं असेल म्हणून जळफळाट होई. माणसाला छळायला एवढं पुरतं, पण अजून नलूबाई बाकी होत्या.

नलूबाईंची आणि बिजलीबाईंची मैत्री जमली. बिजलीबाई नातीसाठी फेटियाच्या, म्हणजे बंजारा घागऱ्याच्या, कापडावर काचेची टिकली भरत, नलूबाईंना ते शिकायचं होतं, म्हणून दुपारी त्या समोर जाऊ लागल्या. यात देवरावांना काही वावगं दिसलं नाही. पण एकदा ते जेवायला घरी आले तेव्हा नलूबाई अंबाडीची भाजी निवडत होत्या आणि निवडता निवडता गुणगुणत होत्या. देवराव चपला काढता काढता थबकले. तो डीप पर्पलचा ऑर्गन होता. वळणासकट, बरोब्बर.

"हे कुठं ऐकलं?" त्यांनी विचारलं.

"कोनतं?"

"आता म्हनून राह्यली होती ते."

"अमरसिंगभाऊनं लावलं होतं. मले इचारलं, वहिनी, कोनतं लावू?"

"मंग तू काय सांगतलं?"

"म्हनलं, पयले घड्याळवालं लावा. मंग हे लावलं त्यायनं."

नलूबाईंनी भाजीची जुडी झटकली आणि आत गेल्या. देवराव न जेवताच दुकानात परत गेले. भलतीसलती शंका त्यांच्या मनात नव्हती. ती असती तर निदान भांडायला तोंड तरी मिळालं असतं. त्यांना खुपत होतं ते एवढंच, की आपली बायको रॉक ऐकते, आणि ते त्याच्या घरी. लग्न झाल्यापासून जे या घराच्या भिंती भेदून वाजलं त्यावर हिनं कधी एक शब्द काढला नाही. त्यांनी धरूनच चाललं होतं की हिला हा सगळा आरडाओरडा वाटतो. आणि समोरच्यानं दोन दुपारींत हिच्याकडून फर्माईश काढून घेतली! लोक आपल्याकडून जाताहेत हे एक वेळ सोसलं असतं. पण ही तर त्यांच्याकडे कधी आलीच नव्हती, थेट तिकडे गेली.

मग देवराव दुपारी लवकर घरी यायला लागले. गहू-हरभऱ्याच्या पाण्याचे दिवस, दुकानापुढं मोटरींचा ढीग, आणि मालक घरी खिडकीशी. नलूबाईंनी विचारलं, "तब्येत बरी नाही काय?" म्हणाले, "मोटरीच नाहीत." खिडकीतून त्यांना समोरच्या खोलीचा कोपरा दिसे. नलूबाई जमिनीवर बसून टिकली भरत असत, अमरसिंग रेकॉर्ड बदलताना काहीतरी विचारत आणि नलूबाई सुई थांबवून उत्तर देत. चांगलं लांबलचक उत्तर. ते ऐकू येत नसे, पण अमरसिंग मान हलवताना दिसत. काय सांगते ही एवढं? देवरावांना कधी हिनं मिठाच्या दरापलीकडे काही सांगितलं नव्हतं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी संध्याकाळी बिजलीबाईंनी तिळगुळाला दोघांना बोलावलं. तिळगुळाला नाही म्हणता येत नाही. देवराव इस्त्रीचा शर्ट घालून, तोंड आवळून गेले. बबनराव आधीच हजर होते, लाडू चघळत.

"बेस, बेस," बिजलीबाईंनी सतरंजी झटकून बसायला सांगितलं. हातावर तिळगूळ ठेवला. "गोड बोला."

"बोलू," देवराव म्हणाले.

अमरसिंगांनी ट्रंकेतून तिकोनवाली काढली आणि मुद्दाम देवरावांच्या मांडीवर ठेवली. काळंभोर कव्हर, मधोमध खराखुरा तिकोन, त्यातून निघालेले खरे रंग. त्यांनी आयुष्यभर तो निळ्या बॉलपेननं काढलेला पाहिला होता. हात फिरवावासा वाटला, फिरवला नाही.

सुई टेकली. ठोके आले, आणि देवरावांना लगेच कळलं की आपण हे आजवर गोणपाटातून ऐकत होतो. मागे कोणीतरी बोलतंय, कोणीतरी हसतंय, हे त्यांच्या कॅसेटनं कधी सांगितलंच नव्हतं. घड्याळं वाजली तेव्हा ती खोलीच्या चारी कोपऱ्यांत वेगवेगळी वाजली. एवढं चांगलं काही एवढ्या रागानं त्यांनी कधी ऐकलं नसेल. बाई गायला लागली. हाक, आरोळी, हुंदके. बबनरावसुद्धा चघळायचे थांबले. ती दमली, गप्प झाली. सुई उचलली गेली, आणि अमरसिंग बाजू उलटायला उठले.

"थांबा न भाऊ," नलूबाई म्हणाल्या. "बाजा राह्यला."

"कोणता बाजा, वहिनी?"

"तोंडाचा बाजा. ते बाई रडून थकली का मंग तो वाजते न."

अमरसिंगांनी रेकॉर्ड उजेडात धरून पाहिली. "नाही हो वहिनी, ही बाजू इथंच संपते. बाजा नाहीये याच्यात."

"वाजते भाऊ. दरखेपी वाजते." नलूबाई नवऱ्याकडे वळल्या. "सांगा न तुमी."

देवरावांनी मांडीवरचं कव्हर सतरंजीवर ठेवलं. बबनराव डोकं खाजवत म्हणाले, "हो हो, बाजाचं काहीतरी तुमी सांगत होते नं, देवराव, मागं?" सगळे त्यांच्याकडे पाहत होते, आणि अमरसिंग तर अगदी जिव्हाळ्यानं. हो म्हणावं, तर खर्रावाल्याची कथा सांगावी लागणार. आयुष्यभर भरतीच्या मालावर व्याख्यानं दिली हे सांगावं लागणार, आणि तेही कोणापुढं? जो बंगलोरला समोर, असा समोर बसून आला त्याच्यापुढं.

"मी कायले सांगन?" देवराव म्हणाले. "तिले काय समजते त्याच्यातलं! रेडिओवर आयकलं असन कुठंतरी अन् इकडचं तिकडं जोडून राह्यली. बाजा-बिजा काही नाही."

बबनराव हसले. नलूबाईंनी देवरावांकडे पाहिलं, रागानं नाही, पत्ता चुकलेला माणूस पाहतो तसं. आणि मान खाली घातली.

हसले नाहीत ते अमरसिंग. ते रेकॉर्ड हातात धरून तसेच खाली बसले आणि म्हणाले, "वहिनी इतक्या खात्रीनं म्हणतात म्हणजे काहीतरी आहे. कसा वाजतो? म्हणून दाखवा बरं."

"जाऊ द्या भाऊ."

"म्हन बाई, म्हन," बिजलीबाईंनी त्यांचा गुडघा हलवला.

नलूबाईंनी सतरंजीकडे पाहत तोंड मिटून सुरू केलं. ती साधी चाल वर गेली. जिथं त्या बाजावाल्याचा श्वास अपुरा पडला होता तिथं नलूबाईही तेवढ्याच अडखळल्या, आणि मग हळूहळू खाली उतरत गेल्या. एक सूर गळला नाही. देवरावांनी आपल्या बायकोचा गाता आवाज कधी ऐकलाच नव्हता, आणि आता ऐकत होते तर दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या सतरंजीवर. चाल त्यांच्या कॅसेटमधली, बाई त्यांच्या घरची, आणि डोळे मिटून ऐकत होता अमरसिंग! उठून सगळ्यांना बाहेर काढावं असं त्यांना वाटलं, पण घर त्यांचं नव्हतं.

चाल संपली. अमरसिंगांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "एवढ्या वर्षांत हे मी कधीच ऐकलं नाही. कुठलं आहे हे, वहिनी?"

"मले काय मालूम," नलूबाई म्हणाल्या. "ह्यायले इचारा."

"मले नाही माहीत," देवराव म्हणाले. पुन्हा एकदा.

चहा कसाबसा झाला. गल्ली ओलांडून दोघं घरी आले. नलूबाईंनी दिवा लावला आणि कणीक मळायला घेतली. देवराव स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि दिवसभराची, खरं तर दोन महिन्यांची, वाफ बाहेर पडली.

"एवढी वर्षं माह्या घरात वाजलं ते! मले कधी म्हनून दाखवलं नाही. अन् त्या मानसानं म्हनलं का लागली म्हनाले!"

"तुमच्या घरात तोंड उघडाची सोय होती काय?" नलूबाईंनी परातीतून मान वर केली नाही. "टेप सुरू झाला का बोट वर. आता कोनी बोलाचं नाही. मी नाही बोलली. इथं पोया लाटत आयकलं."

"अन् तिकडं?"

"तिकडं ते इचारतात, कोनतं आवडलं म्हनून. काहून आवडलं म्हनून."

 बाजाची गोष्ट मात्र अजून उरली होती. निदान या बाईला तरी ती सांगायला हवी होती. ते दाराला टेकले आणि सगळं सांगून टाकलं. खर्रावाला, उरलेली टेप, अपेक्षाचा मोबाईल, नागपूरची ती गल्ली. कोणी वाजवला तेही माहीत नाही. कुठं मिळतही नाही. "दुनियेत कुठंच नाही तो बाजा, नलू," ते म्हणाले. "आपल्या कॅसेटातच हाय. म्हनून नाही म्हनलं मी. हासले असते मले लोक."

नलूबाईंचे हात थांबले. 

"म्हन्जे आजपावतर दुनियेत तो दोघालेच पाठ होता," त्या म्हणाल्या. "तुमाले अन् मले."

"हो न," देवराव म्हणाले. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ऐकून त्यांना एकदम बरं वाटलं. अमरसिंगाच्या दोन ट्रंकांत नाही असं काहीतरी या घरात होतं, आणि त्यात वाटेकरी एकच, तीही घरातली. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"अन् त्या दोघातल्या एकानं चार लोकात सांगतलं, का असं काही नाहीच," नलूबाई म्हणाल्या. "दुसरीले काही समजत नाही."

समोरच्या घरात रेकॉर्डची दुसरी बाजू लागली. नलूबाईंनी हात पुसले, उठून खिडकी पूर्ण उघडली आणि पुन्हा कणकेपाशी येऊन बसल्या. देवराव दारातच उभे होते. त्यांना विचारायचं होतं, तुले ह्याच्यातलं कोनतं आवडते? पण नलूबाईंनी पिठाचं एक बोट वर केलं होतं.